नाटकाच्या तासाला शिक्षक कुठे उभा असतो?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की शाळांच्या फाटकांवर, सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच जाहिरात वेगवेगळ्या रंगांत फिरू लागते : ‘नाटकातून व्यक्तिमत्त्व विकास’. दहा-बारा दिवसांचं शिबिर, वय आठ ते सोळा. सभाधीटपणा, स्पष्ट उच्चार, नेतृत्वगुण. शेवटच्या दिवशी पालकांसमोर सादरीकरण आणि प्रमाणपत्र. ही भाषा आता शिबिरांपुरती राहिलेली नाही. माध्यमिक शाळांच्या माहितीपुस्तिकांत ती शिरली आहे, मुख्याध्यापकांच्या भाषणांत आली आहे, आणि ज्या रंगकर्मींनी मुलांसाठी आयुष्य वेचलं तेही शाळेत एखादा तास मिळावा म्हणून याच भाषेत अर्ज करू लागले आहेत. नाटक कशासाठी शिकवायचं? मुलांचा आत्मविश्वास वाढतो म्हणून. पुढे मुलाखतीला उपयोगी पडतं म्हणून.

मला हे उत्तर पटत नाही, आणि ते सर्वमान्य होत चाललं आहे याची काळजी वाटते. नाटक करून मूल धीट होतं हे खरं आहे. कबड्डी खेळूनही होतं, वर्गाचा मॉनिटर झाल्यानंही होतं. तेवढ्यासाठी नाटकाची गरज नाही. माणसाला स्वतःच्या बाहेर काढून दुसऱ्याच्या जागी उभं करणारी, तिथे त्याला निर्णय घ्यायला लावणारी ही कला आपण चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःची छाप पाडण्याचं तंत्र म्हणून देतो आहोत. या वयात मूल आधीच दिवसभर स्वतःकडे पाहत असतं. मोबाइलच्या पडद्यावर, मित्रांच्या नजरेत, आरशात. त्याला आणखी एक आरसा कशाला हवा?

जास्त खटकतं ते हे की या सगळ्याला आधार म्हणून इंग्लंडमधल्या नाट्यशिक्षिका डोरोथी हेथकोट यांच्यासारखी नावं घेतली जातात. त्या नावामागचा विचार जवळजवळ उलट्या दिशेनं जाणारा आहे. तो कसा घडला हे नीट पाहिलं तर आपलं कुठे चुकतंय तेही दिसतं.

सुरुवातीच्या टप्प्याबद्दल वाद नाही, म्हणून तो भराभर सांगते. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली, १९०८ मध्ये तिथल्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ लिहिलं, आणि मुलांबरोबर ते स्वतः नाटकात उतरत. त्याच काळात इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात, सॉम्प्टिंग नावाच्या खेड्यातली मुख्याध्यापिका हॅरिएट फिनले-जॉन्सन इतिहासाचे धडे मुलांनाच नाटकासारखे रचायला लावून शिकवत होती. १९११ साली तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९१७ मध्ये केंब्रिजच्या पर्स स्कूलमधले कॉल्डवेल कुक ‘द प्ले वे’ घेऊन आले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला लक्ष्मीराम मास्तर गोष्टी, गाणी आणि नाटकं घेऊन वर्गात जातो हे मराठी शिक्षकांना सांगायला नको. या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : मूल करून शिकतं, आणि नाटक हा करण्याचाच एक प्रकार आहे.

आपल्याकडे सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर उभं केलं, ‘मधुमंजिरी’ आलं, १९६२ पासून रत्नाकर मतकरींची ‘बालनाट्य’ ही संस्था कामाला लागली. हा वैभवाचा काळ होता आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. ही मुळात मुलांना चांगलं नाटक दाखवण्याची चळवळ होती, आणि तिचा प्रेक्षक साधारण बारा वर्षांचा झाला की तिच्या हातून सुटत होता. दुसऱ्या टोकाला १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक, म्हणजे महाविद्यालयीन मुलांची एकांकिका. मधली आठवी, नववी, दहावी रिकामी. या वयाचं मूल चेटकिणीला घाबरत नाही आणि एकांकिकेला पोचलेलं नसतं. त्या रिकाम्या जागेत स्नेहसंमेलन शिरलं, मग स्पर्धा शिरल्या, आणि आता व्यक्तिमत्त्व विकास शिरला आहे.

या व्यक्तिमत्त्व विकासाचा खरा पूर्वज हेथकोट नव्हे, ब्रायन वे. त्याआधी १९५४ मध्ये पीटर स्लेड यांनी ‘चाइल्ड ड्रामा’ लिहून एक मोठं काम केलं होतं. मुलाच्या खेळात जे नाटक असतं ते मोठ्यांच्या रंगभूमीची कच्ची नक्कल नसून स्वतंत्र कला आहे, त्याला उंच रंगमंचावर चढवून बिघडवू नका, असं त्यांनी बजावलं. त्यांच्या पाठोपाठ १९६७ मध्ये वे यांचं ‘डेव्हलपमेंट थ्रू ड्रामा’ आलं. त्यांनी माणूस मधोमध ठेवून एक वर्तुळच आखलं : एकाग्रता, पंचेंद्रियं, कल्पनाशक्ती, शरीर, वाणी, भावना, बुद्धी. नाटकानं या एकेका शक्तीची मशागत करायची. अंध असणं म्हणजे काय हे सांगायचं तर व्याख्या देता येते, किंवा डोळे मिटून या खोलीतून बाहेर पडून बघ असंही म्हणता येतं. वे यांना दुसरा मार्ग हवा होता. अनुभवाचं महत्त्व त्यांनी इतक्या साध्या रीतीनं पटवलं की पुढची कित्येक वर्षं शिक्षकांनी हे पुस्तक उशाशी ठेवलं.

पण त्या वर्तुळाच्या मध्यभागी एकच माणूस आहे, हे विसरू नये. प्रत्येकानं आपापली जागा घ्या, डोळे मिटा, अंगावर पाऊस पडतोय असं समजा, आता चिखलातून चाला. पन्नास मुलं एकाच वेळी पन्नास वेगवेगळ्या पावसांत भिजतात. कुणाचं कुणाशी काही भांडण नाही, कुणाच्या वागण्याचे परिणाम दुसऱ्या कुणाला भोगावे लागत नाहीत. आजच्या शिबिरांतले बहुतेक खेळ याच वळणाचे आहेत. ते वाईट नाहीत. लहान मुलांना त्यातून आनंद मिळतो, मोठ्यांचंही अंग मोकळं होतं. मात्र ती नाटकाची पूर्वतयारी आहे, आणि आपण पूर्वतयारीलाच नाटक म्हणून प्रमाणपत्रं वाटतो आहोत.

आता हेथकोटबाईंकडे येते, कारण सगळ्यांचा घोटाळा तिथे आहे.

डोरोथी हेथकोट १९२६ मध्ये यॉर्कशरमध्ये जन्मल्या आणि चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत मागावर लागल्या. नाटकाच्या शाळेत जाण्याची संधी आली तेव्हा गिरणीच्या मालकानं पैसे भरले, आणि जमलं नाही तर तुझे माग तुझी वाट पाहत असतील असंही सांगितलं. पुढे १९७१ मध्ये बीबीसीनं त्यांच्या कामावर जो माहितीपट केला त्याचं ‘थ्री लूम्स वेटिंग’ हे नाव या प्रसंगावरून आलं. नटी होणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. पंचविशीच्या आत त्या न्यूकॅसलला शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात आल्या आणि १९८६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. शिक्षकाची पदवी हाती नसलेली ही बाई जगभरच्या शिक्षकांची शिक्षिका झाली.

त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. पहिली : त्यांनी सादरीकरण मोडीत काढलं आणि प्रक्रियेला महत्त्व दिलं. दुसरी : त्यांनी नाटकाला इतर विषय शिकवण्याचं साधन बनवलं. दोन्हींत तथ्य आहे. पण एवढ्यावर थांबलं तर हेथकोट आणि वे यांच्यात फरकच उरत नाही, कारण वे यांनाही प्रेक्षक नको होते, आणि धड्याचं नाटक तर फिनले-जॉन्सन साठ वर्षं आधी करत होती. मग हेथकोटनं नवं काय केलं?

त्यांनी शिक्षकाची जागा बदलली. माझ्या मते शाळेतल्या नाटकाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात याहून मोठं वळण नाही, आणि नेमकं हेच वळण सगळे चुकीचं वाचतात.

त्यांच्यापर्यंतचा नाटकाचा शिक्षक, दिग्दर्शक असो की खेळ घेणारा ताई-दादा, बाहेर उभा होता. तो सूचना द्यायचा, मुलं करायची, तो पाहायचा, शाबासकी द्यायचा. हेथकोट नाटकाच्या आत शिरल्या. त्या माहितीपटात सुधारगृहासारख्या शाळेतल्या मुलांबरोबर त्या काम करतात. मुलांना युद्धकैद्यांच्या छावणीवर नाटक करायचं असतं. तालीम, संवाद, पात्रवाटप यांतलं काही न करता बाई स्वतः शत्रूचा अधिकारी होऊन समोर उभ्या राहतात आणि त्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगतात. क्षणापूर्वी गोंधळ घालणारी मुलं एकाएकी कैदी होतात, कारण त्यांच्यासमोर आता शिक्षिका नसते, प्रसंग असतो. पुढे त्या कैद्यांतलाच एक जण फितूर निघतो. फितुरी म्हणजे काय, ती माणूस का करतो, उघड झाल्यावर सोबत्यांनी त्याचं काय करायचं, हे त्या मुलांना कुणी समजावून सांगत नाही. ते त्यांना ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं निस्तरावं लागतं.

यात बाईंचा अभिनय किती सरस होता हा मुद्दाच नाही. ‘शिक्षकानं भूमिका करणं’ म्हणजे शिक्षकानं मिशी लावून शिवाजी महाराज व्हायचं आणि मुलांची करमणूक करायची, असा समज मी अनेक प्रशिक्षणांत पाहिला आहे. हेथकोट राजा क्वचितच होत. त्या मधल्या माणसाची भूमिका निवडत : निरोप्या, दुय्यम अधिकारी, ज्याला वर विचारावं लागतं आणि खाली उत्तर द्यावं लागतं असा कुणीतरी. राजाला सगळं माहीत असतं आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. म्हणजे तो पुन्हा शिक्षकच झाला. मधल्या माणसाला मुलांची गरज असते. तो विचारू शकतो, अडू शकतो, चुकू शकतो, हुकमाआड लपू शकतो. त्यामुळे जाणकारपण शिक्षकाकडून मुलांकडे सरकतं. पुढे ‘मँटल ऑफ द एक्स्पर्ट’ या नावानं त्यांनी जी पद्धत घडवली तिचा गाभा हाच होता : मुलं एखाद्या कामातली तज्ज्ञ मंडळी, आणि शिक्षक त्यांच्याकडे काम घेऊन आलेला.

दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. त्या आत जात तशा बाहेरही येत. प्रसंग ऐन भरात असताना थांबवत, भूमिका उतरवून मुलांजवळ बसत, आणि आत्ता काय झालं, आपण असं का वागलो, हे विचारत. नुसत्या अनुभवानं माणूस शिकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. अनुभव घेऊन त्याच्याकडे मागे वळून पाहिलं तरच शिकतो. वे यांचा वर्ग डोळे मिटायचा. हेथकोटचा वर्ग डोळे उघडून एकमेकांकडे पाहायचा.

इंग्लंडमध्येही या बदलाचा अर्थ चुकीचाच लावला गेला. १९८८ च्या शिक्षण कायद्यानं राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला, तेव्हा नाटकाला स्वतंत्र विषयाचं स्थान मिळालं नाही. ते इंग्रजीच्या पोटात गेलं. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, डेव्हिड हॉर्नब्रूक यांनी हेथकोटपंथीयांवर घणाघाती टीका केली. मुलांना नाटककार माहीत नाहीत, संहिता वाचता येत नाहीत, रंगभूमीची परंपरा ठाऊक नाही, आणि नाटकाचे शिक्षक मात्र अनुभवाच्या गप्पा मारतात, असं त्यांचं म्हणणं. या टीकेचा अर्धा भाग मला मान्य आहे. नववीतल्या मुलानं नाटक वाचलं पाहिजे, पाहिलं पाहिजे. महाराष्ट्रातलं मूल दहावी होईतो एकदाही नाट्यगृहात गेलेलं नसेल तर ती आपल्याला शोभणारी गोष्ट नाही. पण हॉर्नब्रूकनी वाद प्रक्रिया विरुद्ध सादरीकरण असा मांडला आणि तो तसाच चालू राहिला. सादरीकरण करा किंवा करू नका, शिक्षक बाहेर उभा राहून सगळं ठरवत असेल तर दोन्हीकडे मूल तेच करतं : सांगितलेलं.

आपल्याकडे असाच घोटाळा ग्रिप्सच्या बाबतीत झाला. बर्लिनच्या ग्रिप्स या मुलांच्या नाट्यसंस्थेची रीत मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं १९८६ मध्ये पुण्यात आली, ‘छान छोटे वाईट मोठे’ आलं. राजा-राणी गेले आणि घरातलं, शाळेतलं, गल्लीतलं मूल मंचावर आलं, हे सगळ्यांना दिसलं. पण तिथे मुलांच्या भूमिका मोठी माणसं करत होती. मोठ्यांनी मुलाच्या नजरेनं जग पाहायचं आणि समोर बसलेल्या मुलांनी ते बरोबर आहे की नाही हे ठरवायचं, अशी ती मांडणी होती. आपण वास्तव विषय उचलला आणि ही मांडणी सोडून दिली. स्पर्धांसाठी मुलांकडून वास्तववादी नाटकं बसवून घेऊ लागलो.

अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून मी बसले आहे. नववीतली एक मुलगी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको झाली होती. तिचा टाहो इतका जबरदस्त होता की सभागृह सुन्न झालं आणि मग टाळ्यांनी भरून गेलं. नाटक संपल्यावर विंगेत जाऊन मी तिला विचारलं, “त्या बाईवर किती कर्ज होतं गं?” तिनं आधी त्यांच्या सरांकडे पाहिलं, मग म्हणाली, “ते संहितेत नाहीये मॅडम.” कर्ज बँकेचं की सावकाराचं, जमीन किती, कुणाच्या नावावर, आता दिवाळीनंतर तिनं काय करायचं, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. दोष तिचा नव्हे. तिला रडायचं कुठे आणि किती वेळ एवढंच शिकवलं होतं, आणि ते तिनं चोख केलं. अभिनयाचं पारितोषिक तिलाच मिळालं. त्या दिवशी तिचा आत्मविश्वास नक्कीच वाढला असेल.

याच्या शेजारी दुसरा एक वर्ग ठेवून पाहा. द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्यातली माध्यमिक शाळा, नववीचा वर्ग, मराठीच्या बाई. मागच्या आठवड्यात गारपीट झालेली. बाई म्हणाल्या, हा वर्ग म्हणजे एक गाव, तुम्ही सगळे गावकरी. घर, शेत, पीक आपापलं ठरवा. मुलं ठरवत असताना त्या बाहेर गेल्या आणि हातात एक नोंदवही घेऊन परत आल्या. नवीनच नोकरीला लागलेला कृषी सहायक. “संध्याकाळपर्यंत पंचनामे द्यायचेत. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच नाव लिहा असं सांगितलंय मला. कुणापासून सुरू करू?”

सुरुवातीला हशा झाला. मग एक मुलगा उठला, द्राक्षाचे मणी तडकलेत म्हणाला. किती घडांचे? तो अडखळला, शेजारचा त्याच्या मदतीला आला. एका मुलीनं कांदा सांगितला, आणि सांगता सांगता तिनं एक गाठ घातली : जमीन माझी नाही, मी बटाईनं करते. सहायक थबकला. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? मागच्या बाकावरचा एक जण ताडकन उभा राहिला, “माझं. मदत माझ्या नावावर पडली पाहिजे.” वर्गात दोन तट पडले. राबणारी ती, बियाणं तिचं. पण कायदा कागद पाहतो. सहायक म्हणाला, “मला अजून सगळे नियम माहीत नाहीत. वर फोन केला तर म्हणतील, सातबारा बघ. तुम्ही सांगा, मी काय लिहू?” आणि बाई गप्प राहिल्या. ते गप्प राहणं शिक्षकाला फार जड जातं. उत्तर तोंडावर आलेलं असतं. बऱ्याच वेळानं, तोवर एकदाही न बोललेली एक मुलगी म्हणाली, “दोघांची नावं लिहा. आणि खाली लिहा, बटाईचं आहे हे गावाला माहीत आहे, साऱ्या गावाच्या सह्या घ्या.” जमीनमालक झालेला मुलगा सही करायला तयार होईना. तो शेवटपर्यंत झाला नाही.

बाईंनी वही मिटली, खुर्चीवर बसल्या, आणि विचारलं, “तू सही का नाही केलीस रे?” तो म्हणाला, त्याच्या घरी खरोखर जमीन बटाईनं दिलेली आहे. त्यानंतर जी चर्चा झाली ती मी इथे देत नाही. ती त्या वर्गाची होती. पुढच्या तासाला त्यांनी तहसीलदारांना अर्ज लिहिले. उपयोजित लेखनातलं पत्रलेखन एरवी मुलं चौकटीत शब्द भरावेत तसं उरकतात. हे अर्ज वेगळे होते, कारण अर्जदाराला काहीतरी हवं होतं. ३३ टक्के कशाचे आणि कसे काढायचे हेही कुणीतरी गणिताच्या सरांना जाऊन विचारलं.

त्या बाईंना अभिनय येत नाही. त्यांनी आवाज बदलला नव्हता, वेश केला नव्हता. त्यांनी फक्त जागा बदलली होती. त्या विंगेतल्या मुलीपेक्षा या वर्गातल्या मुलांना शेतकऱ्याच्या दुःखाबद्दल जास्त कळलं, याबद्दल मला शंका नाही. रडं कुणालाच आलं नव्हतं.

आता शासनाच्या कलासमाकलित शिक्षणाबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं कलेला इतर विषयांशी जोडण्याचा आग्रह धरला, आणि धोरण म्हणून ते योग्यच आहे. प्रत्यक्षात शाळांत जे चाललं आहे ते असं : विज्ञानाच्या तासाला दोन मुलं छातीवर हायड्रोजनच्या आणि एक ऑक्सिजनच्या पाट्या लावून येतात, हात धरतात, पाणी होतात, फोटो निघतो, फोटो वर पाठवला जातो. इतिहासात सनावळ्या संवादांत घालून पाठ केल्या जातात. याला नाट्यीकरण म्हणतात, आणि प्रशिक्षणात त्याच्या शेजारी हेथकोटचं नाव असतं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य मुलाच्या तोंडून वदवून घेतलं म्हणून ते नाटक होत नाही. कुणीतरी अडलेलं असावं लागतं आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग आधी ठरलेला नसावा लागतो. पाण्याच्या रेणूपुढे कसलाच पेच नाही. गावच्या एकुलत्या विहिरीत कारखान्याचं पाणी झिरपतंय आणि अर्ध्या गावाचा पगार त्याच कारखान्यातून येतो, हा पेच आहे. आणि त्यात रसायनशास्त्रही येतंच.

यावर शिक्षक जे आक्षेप घेतात ते मी मनापासून ऐकते, कारण ते कामाच्या ठिकाणाहून आलेले असतात. वर्गात साठ मुलं असतात. तासिका पस्तीस मिनिटांची. शेजारच्या वर्गाला त्रास होतो. आणि सगळ्यांत खरा आक्षेप, जो फार थोडे जण बोलून दाखवतात : मी एकदा ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस झालो, तर उद्या वर्ग मला जुमानेल का? हेथकोटवर त्यांच्या हयातीतही टीका होत असे की हे त्या एकट्या बाईंनाच जमतं, दुसऱ्याला देता येत नाही.

मराठी शिक्षकानं तरी एवढं घाबरू नये, कारण ही युक्ती आपल्या अंगणात येऊन गेलेली आहे. बहुरूपी दारात पोलीस होऊन यायचा, वॉरंट आहे म्हणून दरडावायचा. घरातली माणसं त्याला ओळखत असत, तरी उत्तर देत, हुज्जत घालत, लहान पोरं आईमागे लपत. कुणी प्रेक्षक उरत नसे, कारण तो सरळ तुमच्याशीच बोलत असे. मग तो हसून पैसे मागायचा आणि पुन्हा शेजारपाजारच्यांतला एक माणूस व्हायचा. त्याचा धाक कमी झाला असं कुणाला वाटत नसे. कीर्तनकारही आख्यानात राजा होतो, दासी होते, आणि पुढच्याच क्षणी बुवा होऊन निरूपण करतो. आत-बाहेर करण्याची ही सवय आपल्या लोकपरंपरेत मुरलेली आहे. फरक एवढाच की कीर्तनकाराला आख्यानाचा शेवट माहीत असतो. शिक्षकानं तो माहीत नसण्याची तयारी ठेवायची आहे, आणि अवघड तेवढंच आहे.

या वयाच्या मुलांना विश्वासानं काम दिलं तर ती काय करतात याचा दाखलाही घरचाच आहे. मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर वस्त्यांमधल्या मुला-मुलींसाठी नाट्यजल्लोष सुरू केला. विषय सुचवायचे, बाकी नाटक त्या त्या वस्तीतल्या मुलांनी स्वतः रचायचं. ज्यांनी मराठी मुलांना राक्षस आणि चेटकीण दिली, तेच पन्नासेक वर्षांनी वस्तीतल्या किशोरांना म्हणत होते, आता तुम्ही सांगा. बालरंगभूमीचा इतिहास सांगताना ‘अलबत्या गलबत्या’पाशी सगळे थांबतात. मतकरींच्या कामातला हा नंतरचा टप्पा माध्यमिक शाळांच्या दृष्टीनं जास्त मोलाचा आहे, आणि तो शिक्षक-प्रशिक्षणात शिकवला गेला पाहिजे.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. जूनचं वेळापत्रक बसवताना आठवी आणि नववीला आठवड्यातून एक जोडतास नाटकासाठी ठेवा. पस्तीस मिनिटांत हे होत नाही, सत्तर लागतात. बाहेरचा दिग्दर्शक बोलावू नका. स्नेहसंमेलनासाठी हवा तर डिसेंबरात बोलवा. हा तास मराठीच्या, इतिहासाच्या, विज्ञानाच्या, ज्या कुणा शिक्षकाची इच्छा असेल त्याला द्या. रंगमंच नको, पडदा नको, बाकं मागे सरकवली की पुरे. वर्षाअखेर सादरीकरण मागू नका, फोटो मागू नका. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ होईल आणि शेजारच्या वर्गाची तक्रार येईल; तेव्हा त्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा.